अंतरपाटावरचे तपकिरी डाग

त्या अंतरपाटावर डाग पडले ते माझ्यामुळे, विड्या वळणाऱ्या बाईच्या हातांमुळे नव्हे. सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते लिहायला मला सहा वर्षं लागली. माझी बायको आता नाही. तिचा भरतकामाचा वर्गही बंद पडला. वर्गातली एखादी बाई भाजीबाजारात भेटली की अजून त्या डागांची गोष्ट निघते, आणि अजून ती चुकीचीच सांगितली जाते. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतो आणि ऐकून घेतो.

मी सोलापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. मी निवृत्त झालो त्या वर्षी बायकोने आमच्या पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. आधी ती शिकवणी होती. मग शिकून झालेल्या बायकाही येतच राहिल्या आणि शिकवणीचं मंडळ झालं. दहा-बारा जणी सतरंजीवर बसायच्या. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू असायचे, त्यामुळे बोलायचं ते आवाज चढवून. थोडं मराठी, थोडं तेलुगू, अक्कलकोटकडची एकजण मध्येच कानडीत पुटपुटायची. कुणाचंही काम हातात आलं की बायको ते आधी उलटं करायची. "पुढून काय, सगळंच छान दिसतं," म्हणायची. मागे दोऱ्याची गाठ दिसली की उसवायला लावायची.

"ताई, नवरा पण असाच उलटा करून बघायला पायजे होता की," एकदा एकजण म्हणाली.

"मी बघितला होता," बायको म्हणाली. "गाठी होत्या. पण लग्नाची तारीख ठरली होती."

मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. हसण्याचा आवाज मागांच्या वर गेला.

त्यांच्यात एक तेलुगू बाई होती. सगळ्या तिला अक्का म्हणायच्या, मीही म्हणायचो. नवरा मागावर कामाला, ती घरी विड्या वळायची. सकाळी तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बसायची, ठरलेल्या विड्या कारखान्यात पोचवायची आणि तीनला आमच्याकडे. आल्या आल्या अंगणातल्या नळावर हात धुवायची. साबणाने, मग लिंबाच्या सालीने, मग पुन्हा साबणाने. तरी अंगठा आणि पहिली दोन बोटं पिवळट तपकिरीच राहायची. तो रंग कातडीत मुरलेला होता, कापडाला लागत नव्हता. चार वर्षांत एकदाही लागला नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. बारीक पान गुंडाळून दोरा बांधायची सवय असलेली ती बोटं होती. तिचा भरीव टाका असा बसायचा की पाकळीवर बोट फिरवलं तर टाका जाणवू नये. बायको तिचं काम उलटं करायची आणि काही न बोलता परत द्यायची. त्या वर्गात याहून मोठं कौतुक नव्हतं.

मंडळाची एक रीत पडली होती. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की सगळ्यांनी मिळून तिचा अंतरपाट भरायचा. मंगलाष्टकं चालू असताना नवरानवरीच्या मध्ये धरतात ते कापड. मधे स्वस्तिक, दोन बाजूंना मोर, वर तोरण, खाली दोघांची नावं. प्रत्येकीने ते दोन-दोन दिवस घरी न्यायचं आणि आपला भाग भरायचा. मोर अक्काकडे असायचे, म्हणून कापड शेवटी तिच्याकडे जायचं. असे पाच अंतरपाट झाले होते. सहावा बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या मुलीचा. सातवा अक्काच्या मुलीचा. तिचं लग्न पुढच्या माघात होतं.

"आमच्यात पण मधी पडदा धरतात," अक्का म्हणाली होती. "पण साधा. भरलेला कुणाचाच नव्हता आमच्या गल्लीत. माझ्या पोरीचा पहिला."

"मग तिच्या मोरांना पिसारा फुललेला पाहिजे," बायको म्हणाली.

"फुललेला नको ताई. लग्नाआधी मिटलेलाच बरा."

पुन्हा हसणं.

माझं काम छाप उतरवण्याचं. कागदावर चित्र काढायचं, रेघेरेघेवर सुईने भोकं पाडायची, तो कागद कापडावर ठेवून वरून नीळ आणि रॉकेलचा बोळा फिरवायचा. भोकांतून निळे ठिपके खाली उतरतात. भरून झाल्यावर कापड धुतलं की ते जातात. पाच अंतरपाट मी असेच छापले. सहाव्याच्या वेळी घरात रॉकेल नव्हतं. रेशनवर मिळणं बंद झालं होतं. बायको दोन दिवस म्हणत होती, कुणाकडून तरी बाटलीभर आणा. शोधलं असतं तर मिळालं असतं. पण चैत्रातलं ऊन, मला बाहेर पडायचा कंटाळा आला. माझ्या शाळेच्या पेटीत तैलरंगाची तपकिरी ट्यूब पडून होती आणि टर्पेंटाइनची बाटलीही. मी तेच कालवलं आणि छाप उतरवला.

"ह्या वेळेला तपकिरी?" बायकोने विचारलं.

"पांढऱ्यावर नीळ भडक दिसते."

"जाईल ना धुतल्यावर?"

"अगं, तीस वर्षं रंगच केलेत मी."

तैलरंगात जवसाचं तेल असतं. तेल सुती कापडात हळूहळू पसरतं आणि मग पिवळं, तपकिरी पडतं. हे मी दरवर्षी मुलांना सांगत आलो होतो. कोऱ्या कापडावर तैलरंग लावायचा नाही, आधी खळ द्यायची. त्या दिवशी ते मला आठवलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे आठवलं होतं. एवढ्या पातळ रंगाने काय होणार, असं वाटलं.

कापड तीन आठवडे या घरातून त्या घरात फिरलं. उन्हाळा वाढत होता. शेवटी ते अक्काकडे गेलं आणि शुक्रवारी तिने ते आणलं. बायकोने पिशवीतून काढून सतरंजीवर पसरलं. मी आतल्या खोलीच्या दारातून बघत होतो. मोर अप्रतिम उतरले होते. त्यांच्याभोवती, तोरणाखाली, नावांच्या आजूबाजूला पिवळट तपकिरी डाग पसरले होते. बोटांच्या पेराएवढे.

"हे काय गं अक्का?" बँकेतल्या बाई म्हणाल्या.

"मी उघडलं तवा थोडं थोडं होतं, ताई. मला वाटलं कुणाचं तेल लागलं. धुतलं की जाईल म्हणलं."

"माझ्याकडे होतं तेव्हा स्वच्छ होतं," एकजण म्हणाली.

"माझ्याकडे पण."

कुणीतरी हळूच म्हणालं, "रंग बघा की कसला हाय."

सगळ्यांनी अक्काच्या हातांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. "मी हात धुते," ती म्हणाली. "घरी पण धुते. सूप त्या खोलीत, कापड ह्या खोलीत. मांडीवर धुतलेलं फडकं टाकून बसते."

मला आतून बोलावलं. मी वाकून पाहिलं आणि नाक जवळ नेलं. जवसाच्या तेलाचा वास मला झोपेतही ओळखता येतो. तो होता.

बँकेतल्या बाई हुशार होत्या. त्यांनी नेमकं विचारलं, "सर, ह्या वेळेला छाप तपकिरी होता ना? त्याचं तर नाही?"

अकरा बायका माझ्याकडे बघत होत्या. त्या मला सर म्हणत. त्यातल्या दोघींच्या मुलांना मी शिकवलं होतं. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "छापाचा रंग रेघेवरच राहतो, असा पसरत नाही. हा हाताचा आहे. तंबाखूचा डाग पक्का असतो."

एवढंच बोललो. आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. कुणी धमकावलं नव्हतं, माझं काही जाणारही नव्हतं. चूक झाली म्हणालो असतो तर दोन दिवस चेष्टा झाली असती आणि बायकोने चार दिवस सुनावलं असतं. तेवढं टाळायला मी ते वाक्य बोललो.

अक्का भांडली नाही. भांडली असती तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं, असंही मी स्वतःला सांगत आलो. तिने आपली सुई टाचण्यांच्या उशीतून काढली, पदराला टोचली आणि उठली. "नवरीच्या पडद्याला डाग," एवढं म्हणाली. ते आम्हाला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. बायकोने दोनदा धुतलं, लिंबू लावलं, उन्हात टाकलं. डाग आणखी गडद झाले. बँकेतल्या बाईंनी मुलीसाठी बाजारातून तयार अंतरपाट आणला.

पुढच्या मंगळवारी अक्का आली नाही. बायकोने निरोप धाडला, तरी आली नाही. सातव्या अंतरपाटाचं नाव कुणी काढलं नाही. काढायचं कसं, असा सगळ्यांना प्रश्न पडला असावा.

माघात ती पत्रिका घेऊन आली. दारातूनच दिली. बायको संकोचाने म्हणाली, "बस ना," तर म्हणाली, "लई घरं राहिलीत." लग्नाला मी एकटाच गेलो. बायकोने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. नवरानवरीच्या मध्ये त्यांनी कोरं पांढरं कापड धरलं, त्यावर हळदीने काढलेलं एक स्वस्तिक. अक्का बाजूला उभी होती आणि त्या कापडाकडे बघत नव्हती. मला पाहून तिने हात जोडले. जेवून जा म्हणाली. मी जेवलो.

त्यानंतर वर्ग तीनेक वर्षं चालला. पण कुणी कापड घरी न्यायला तयार होईना. उद्या डाग पडला तर नाव आपलं, असं प्रत्येकीला वाटायचं. मिळून भरायची रीत तिथेच संपली. शिकून झाल्यावरही बसायला यायच्या त्या एकेक करून यायच्या थांबल्या. बायको आजारी पडली तेव्हा चौघी उरल्या होत्या.

शेवटच्या महिन्यात ती एकदा म्हणाली, "अक्काला मी एकदा एकटीला विचारायला हवं होतं. म्हणाली असती खरं, की घाईत राहून गेलं हात धुवायचं. मी रागावले नसते."

मी तिच्या पायथ्याशी बसलो होतो. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. खरं सांगायची वेळ तीच होती, आणि मी म्हणालो, "तू झोप आता." ती गेली ते अक्काला दोषी धरून आणि माफ करून.

यंदा दिवाळीनंतर मी शहराबाहेर कुंभारीला गेलो. अक्का तिथल्या कामगारांच्या वसाहतीत मुलाकडे राहते. नवरा वारला, माग बंद झाला. जाण्याआधी मी तसल्याच कापडाचा तुकडा घेतला, तीच ट्यूब, तसाच छाप उतरवला आणि महिनाभर गच्चीवर डब्यात ठेवला. डाग आले. ते कापड पिशवीत घालून नेलं.

तिने खुर्ची दिली. ताईंबद्दल विचारलं, रडली. मग मी सांगितलं. रॉकेल नव्हतं, तैलरंग वापरला, डाग तेलाचे होते, मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी खोटं बोललो. एका दमात सांगितलं. कापड तिच्या मांडीवर पसरलं.

तिने एका डागावरून अंगठा फिरवला. "तंबाखूचाच दिसतोय की," म्हणाली.

"अक्का, मी स्वतः केलाय हा. घरी. तुमचा हात कुठे लागला याला?"

"सर, तुमी लई चांगले. इतक्या लांबून आलात." तिने कापडाची घडी घातली. "पण मला आठवतंय. त्या दिवशी सासूने पाणी मागितलं. मी सूप खाली ठेवलं, पाणी दिलं, अन् तसंच कापड घेतलं. हात धुवायचा राहिला. आदी मला पण आठवत नव्हतं. मग रोज इचार करून करून आठवलं."

"असं झालं नाही, अक्का."

"तुमी कुटं होता तितं?" ती हसली. राग नव्हता. "मला कळतंय सर. ताई गेल्या, तुमचं मन हळवं झालंय. आता म्हातारीला कशाला वाईट वाटू द्यायचं, म्हणून तुमी स्वतःवर घेताय."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा तिची सून दाराशी येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागली. अक्का तिला तेलुगूत काहीतरी म्हणाली. सुनेची नजर मऊ झाली. वय झालंय, असंच काहीतरी असणार. सुनेने मला रिक्षापर्यंत सोडलं. जाता जाता मी विचारलं, सासूबाई अजून भरतात का. "न्हाय ओ," ती म्हणाली. "माझ्या मुलीला शाळेत शिकवत होते, तर तिला पण करू दिलं नाही. आमच्या हाताला ते लाभत नाही म्हणतात."

घरी आल्यावर बँकेतल्या बाईंना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं. "अहो सर, कशाला आता," म्हणाल्या. "माझ्या मुलीला दोन मुलं झाली. आणि अक्कानेही काही मनात ठेवलेलं नाही."

म्हणून हे लिहून ठेवलं. अक्का वाचणार नाही. ती तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकली, मराठी तिला बोलता येतं, वाचता येत नाही. कुणी वाचून दाखवलं तरी ती म्हणेल, सर लई चांगले होते.