डिस्कला घातलेलं तेल

दोन्ही ब्रेक करकचून दाबले, तरी सायकल पुढे गेलीच. मी थेट समोरच्या उभ्या स्कूटरवर आदळलो. दसऱ्याचा दिवस. दादरच्या आमच्या दुकानात नव्या सायकली न्यायला झुंबड, आणि मी मेकॅनिक भर रस्त्यात गुडघा चोळत उभा.

सायकल लालबागच्या मनीषाची. गिअरवाली माउंटन बाइक, आम्हीच विकलेली. दुसऱ्या दिवशी ती ग्रुपबरोबर घाट उतरायला जाणार, म्हणून चेकिंगला आणली होती. पूजेची सायकल म्हणून बापलेकीने हारासकट लालबागहून ढकलत आणली. वडील परबकाका. संप होईपर्यंत गिरणीत ऑइलर होते, म्हणजे मशिनांना तेल घालायचं काम.

अशा सायकलला बहुतेक डिस्क ब्रेक असतो. चाकाच्या मधोमध पोलादी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन पॅड. घासलं तरच थांबतं, एवढं साधं. मी चकतीवर बोट फिरवलं. बोट तेलाने माखलं. वर हळदकुंकूही होतं.

"हे कोणी केलं?"

"मी," काका ऐटीत म्हणाले. "काल खंडेनवमी ना! सगळी पुसून तेल घातलं. हा ब्रेक तर नुसता किंचाळायचा. आता येतो आवाज?"

"आवाज नाही काका, ब्रेकच नाही!"

"मशीन कोरडा ठेवतत काय रे?" काका मालवणीवर आले. मनीषाने कपाळाला हात लावला.

तेल प्यालेले पॅड पुसून भागत नाही, फेकावेच लागतात. स्टॉकमध्ये एकही नाही. शेठना म्हटलं, डिस्प्लेच्या सायकलचे काढतो.

"दसऱ्याला नवी गाडी खोलणार? डोकं फिरलंय का?"

"मग ही उद्या घाट कसा उतरेल, ते तुम्हीच तिला सांगा."

शेठनी मनीषाकडे बघितलं. "काढ बाबा," म्हणाले.

दोन्ही चकत्या स्पिरिटने पुसल्या, नवे पॅड बसवले. नवे पॅड सुरुवातीला कुरकुरतात, यांनीही तेच केलं. मी पाना ठेवायला वळलो, तेवढ्यात काकांनी खिशातून तेलाची बाटली काढली.

"काका!" माझा संयमच सुटला. "इथे थेंब पडला तर उतारावर तुमची पोरगी थांबणार नाही. कळतंय का?"

काका स्टुलावर बसले. "तिला काय होऊ नये म्हणूनच घातलं रे," एवढंच म्हणाले. मला पुढे ओरडवेना.

मग चेन दाखवली. तेल इथे, फक्त इथे, आणि जास्तीचं पुसायचं. ते एकेका कडीला थेंब देत बसले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली, शेठ ओरडत राहिले.

मनीषा घाट उतरून सुखरूप आली. वाटभर ब्रेक किंचाळत होते म्हणे.

तेव्हापासून सायकल देताना मी घेणाऱ्याला एकट्याला समजावत नाही. घरी त्याच्यावर जीव कोण टाकतं ते विचारतो, आणि त्या माणसाला आधी दुकानात बोलावतो.