अण्णाच्या सॉमिलचं गाव

बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या घरातून निघताना आई एवढंच म्हणाली, "सांभाळून जा." माझा थोरला भाऊ, अण्णा, कॅनडातल्या जंगलाकाठच्या एका गावात सॉमिलवर (लाकूड चिरण्याच्या गिरणीवर) काम करत होता. चार महिने त्याचं पत्र नव्हतं, फोन लागत नव्हता. मी शिकवते त्या शाळेला एप्रिलमध्ये सुटी लागली, तशी निघाले.

माँट्रियलहून बसने आठ तास. दुतर्फा काळपट सूचीपर्णी झाडं, मग एका वळणावर चर्चचा मनोरा आणि त्याच्याशी उंचीत स्पर्धा करणारे ओंडक्यांचे ढीग. रस्त्याकडेला मळकं बर्फ, हवेत ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास. मोठा रस्ता एकच. सगळे फ्रेंच बोलणारे. माझं इंग्रजी कुचकामी ठरलं.

थांब्यासमोरच्या 'देपानर'मध्ये (किराणा दुकानात) मी अण्णाचा फोटो दाखवला. दुकानातल्या वयस्क बाईंनी तो पाहिला आणि स्वतःच्या उजव्या पंजावर करवत चालवल्यासारखा हात फिरवला. "गेला?" माझ्या तोंडून निघालं. त्या लगबगीने बाहेर आल्या, "नों, नों, मादाम," म्हणत दुकानाला कुलूप लावून मला हाताला धरून त्यांच्या घरी घेऊन गेल्या.

स्वयंपाकघरात अण्णा डाव्या हाताने वाटाण्याचं सूप ढवळत होता. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. अपघातानंतर बाईंनी त्याला आपल्याच घरी आणलं होतं.

"कळवलं का नाहीस?"

"डाव्या हाताचं अक्षर पाहून आईला कळलं असतं. फोनवर आवाजावरून कळलं असतं, म्हणून तोही बंद ठेवला."

"आम्ही काय काय समजून बसलो होतो, अण्णा."

त्याने पळी खाली ठेवली. मग म्हणाला, "चुकलं माझं. बस, स्वल्प (थोडं) सूप घे."

मला रडू फुटलं. रडतरडतच मी दोन वाट्या सूप प्यायले.

रविवारी चर्चमागच्या सभागृहात सगळं गाव जेवायला जमलं. माणसं हात उंचावून अण्णाला 'सालू' (नमस्कार) करत होती. कुणाचं एक बोट नव्हतं, कुणाची दोन. त्याच्या हाताकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. सॉमिलने त्याला आता ओंडके मोजायचं काम दिलं होतं.

बेंगळुरूला परतल्यावर आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ डोळे पुसत राहिली, मग म्हणाली, "आजारी पडला तर बघायला आहे कोणी?"

"आहे," मी म्हटलं.

त्या गावात किल्ला नाही, संग्रहालय नाही. तरी इतकं समाधान घेऊन मी दुसऱ्या कुठल्याच गावाहून परतले नाही. मी सगळं सांगितलं त्या दुपारी आई कित्येक दिवसांनी गाढ झोपली.