मुलगी झाली, तीन वेळा

मॉरिशसच्या डोंगराळ भागातल्या क्युरपिप गावी, आमच्या सरकारी कचेरीत संगणक आला, तेव्हा त्याला एक थंड खोली मिळाली आणि मला नोकरी. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. मी खाली किनाऱ्याजवळच्या सुरिनाम गावची. वडील ऊस आणि भाजी पिकवायचे. रोज सकाळी बसने वर येताना पिशवीत जाड स्वेटर असायचा. क्युरपिपचा पाऊस मी सोसला असता, पण यंत्राच्या खोलीतला गारवा हाडांत शिरायचा.

यंत्र सरकारी गोदामांतल्या मालाची नोंद ठेवायचं. बो बासें आणि इतर गावांतल्या कचेऱ्यांमधली टर्मिनलं तारांनी त्याला जोडलेली होती. जुना प्रोग्राम पाळीपाळीने प्रत्येक टर्मिनलला विचारत फिरायचा, काही आहे का, काही हवंय का. दिवसभर तेच. त्यात तो इतका रेंगाळायचा, की बो बासेंच्या मावशींनी कळ दाबली तर उत्तर येईपर्यंत त्यांचा चहा पिऊन व्हायचा. या मावशी तिथल्या कारकून. नात्याच्या नव्हेत, पण टेलिफोनवर माझं मराठी ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कुणाची गो तू?" तेव्हापासून त्या मावशीच.

एक दिवस मी साहेबांना म्हटलं, "मिस्ये, आपण हे उलटं करू या. प्रत्येक कचेरीने एकदाच नाव देऊन ठेवायचं, नवा माल आला की मला कळवा म्हणून. माल आला की प्रोग्राम त्यांना हाक मारेल. बाकीच्या वेळी गप्प."

साहेब उंच, इथली फ्रेंच वळणाची क्रिओल बोलणारे, कायम टाय लावलेले. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. "म्हणजे ऐकणाऱ्यांनी आधी नाव द्यायचं," ते म्हणाले. "कर. पण चाचणी खऱ्या घटनेवर घे. लुटुपुटूच्या मालावर मला भरवसा नाही."

मी लिहायला बसले. इतकी मजा मला कुठल्याच कामात आली नव्हती. जेवतानाही डोक्यात तेच चालायचं.

चाचणीच्या दिवशी नेमका माल आलाच नाही. त्यातच मावशींची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी क्युरपिपच्या प्रसूतिगृहात दाखल झाली होती. आदल्या दिवशी मावशींनी फोनवर बजावलं होतं, "तू जवळ हायस गो. जेवणाच्या सुट्टीत जाऊन ये, आन् मला लगेच सांग." रात्रभर कोसळलेल्या पावसाने बो बासेंचे टेलिफोन मात्र बंद पाडले होते. संगणकाची तार वेगळी, ती शाबूत होती.

मी छत्री घेऊन गेले. मावशींचे यजमान टोपी हातात चुरगाळत दारातच उभे होते. हसत होते की रडत होते कळेना. "मुलगी, मुलगी," एवढंच म्हणाले. मी तशीच धावत परत आले आणि फोन फिरवत बसले. लागेना.

साहेब टेबलाशी पाव खात होते. "काय झालं?"

"मावशींना नात झाली, मिस्ये. पण कळवू कसं?"

त्यांनी रुमालाला हात पुसले. "तुला खरी घटना हवी होती ना? मग हीच पाठव."

"पण ही सगळ्या कचेऱ्यांना जाईल. सगळ्यांनी नव्या मालासाठी नाव दिलंय."

"नवा मालच आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले.

सगळ्यांना समजावं म्हणून मी क्रिओलमध्ये टाइप केलं: मुलगी झाली, सगळं ठीक. कळ दाबली. क्षणात पडद्यावर उत्तरं येऊ लागली. अभिनंदन, अभिनंदन, आणि एकाने तर बाळाचं वजन किती म्हणून विचारलं. बो बासेंकडून मात्र काहीच नाही. मग एकच शब्द उमटला:

तिघी?

मी घाईघाईने लिहिलं: नाही, एकच. तिकडून आलं: आयो, आणखी तीन?

मी डोकं धरून बसले, आणि मग उलगडलं. सकाळपासून जिवाला चैन नसल्याने मावशी टर्मिनल बंद करून पुन्हा पुन्हा सुरू करत होत्या, झोपलं तर नाही ना म्हणून. आत येताना दर वेळी प्रोग्राम त्यांचं नाव नव्याने लिहून घ्यायचा. बाहेर पडताना ते पुसायचं मी लिहिलंच नव्हतं. यंत्राच्या लेखी बो बासेंला तीन मावशी कान देऊन बसल्या होत्या. प्रत्येक बातमी तीनदा, टर्मिनलची घंटाही तीनदा. माझा खुलासासुद्धा!

हे सांगितल्यावर साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "जा," ते म्हणाले, "बसने जा आणि तोंडाने सांग."

मी पोचले तेव्हा मावशी फाटकातच उभ्या. "एकच ना गो?"

"एकच, मावशी."

"बरं झालं बाय! तीन पाळणे कुठं टांगू, हाच इचार करीत व्हते." त्यांनी मला रस्त्यातच घट्ट मिठी मारली. मागे त्यांची अख्खी कचेरी टाळ्या पिटत होती. परतीच्या बसने आम्ही दोघी बाळाला पाहायला गेलो. सबंध वाटेत मावशी अनोळखी लोकांनाही बातमी सांगत होत्या.

प्रोग्राममधल्या राहून गेलेल्या ओळी मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिल्या. त्यानंतर माल आला, गेला, घंटा वाजत राहिल्या, एकेकदाच.

बारशाला साहेब आले, बायकोने विणलेले लोकरीचे मोजे घेऊन. बायकांनी त्यांनाही पाळण्यावर वाकायला लावून कुर्र करायला सांगितलं. ते इतक्या मोठ्याने ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं, आणि बायकांनी पाळणा आणखी वरच्या सुरात धरला. साहेब कानापर्यंत लाल झाले. मग टाय सोडून खिशात घातला, आणि मावशींकडून दुसरी पुरणपोळी मागून घेतली.