तांदूळ तीन पाण्यांनी

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की बायको नवऱ्याला परीक्षेला बसवत नाही, असा माझा समज होता. तो तिने आमच्या लंडनमधल्या स्टॅनमोरच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोडला. तिला इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरची लांबलचक पायवाट चालायची होती, तीन आठवड्यांत होईल तेवढी. हॉस्पिटलमधली रजा तिने वर्षभर साठवली होती. एकटीसाठी.

"मी पण येतो," मी म्हणालो.

"तू? कचऱ्याची बिन बाहेर ठेवताना तुला धाप लागते." मग जरा थांबून म्हणाली, "तीन दिवस बघते. जमलं तर पुढे. नाहीतर तिसऱ्या दिवशी जी पहिली बस दिसेल, तिच्यात तू."

मला चालायची हौस मुळीच नव्हती. मुलगी ब्रिस्टलला शिकायला गेल्यापासून आम्ही दोघं बॉयलर आणि बिन या दोनच विषयांवर बोलत होतो. आता ही एकटी गेली आणि तिला ते आवडलं तर? चालणं नव्हे, एकटं असणं. ती भीती घेऊन मी बूट विकत घेतले.

तंबू आणि पाणी तिच्याकडे, खाणं माझ्याकडे, अशी वाटणी झाली. मी सॅकच्या तळाशी टॉवेलात गुंडाळून छोटा प्रेशर कुकर भरला. शिट्टीशिवाय शिजलेलं मला अन्नच वाटत नाही, त्याला मी काय करू?

समरसेटच्या किनाऱ्यावरून निघालो तेव्हा कित्येक आठवडे पाऊस नव्हता. हिरवं इंग्लंड पोळीसारखं करपलं होतं. नकाशावर निळ्या रेघेने दाखवलेले ओढे प्रत्यक्षात पांढरे दगड. उजव्या हाताला अख्खा समुद्र आणि प्यायला थेंब नाही. वाळवंट बरं, ते निदान फसवत तरी नाही.

पहिल्या चढावर तिने मागे न बघता विचारलं, "तुझ्या पाठीत काय वाजतंय?"

"गुडघे."

"गुडघे पाठीत?"

त्यानंतर दिवसभरात ती सहा शब्द बोलली. त्यातले चार "तू पुढे नको चालूस" हे होते. उरलेले दोन इंग्रजीत होते, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कड्यावरच्या एका भिंतीच्या सावलीत आम्ही टेकलो. पुढचं गाव पाच मैलांवर. तिच्या टाचांना फोड आले होते. दोन बाटल्या माझ्यापाशी ठेवून ती म्हणाली, "गावापर्यंत एवढंच पाणी आहे. वीस मिनिटं पडते." आणि टोपी तोंडावर ओढून झोपली.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उठेल तेव्हा समोर गरम खिचडी! परीक्षा तिथेच पास. मी कुकर काढला, त्यात तांदूळ आणि मुगाची डाळ घेतली आणि धुतली. आता तांदूळ तीन पाण्यांनी धुवायचे, हे आईने माझ्या हातात भिनवलेलं आहे, डोक्याला विचारायचा प्रश्नच येत नाही. पहिलं पाणी पांढरं, ओतलं. दुसरं जरा बरं, ओतलं. तिसरं स्वच्छ. गवताला केवढा आनंद झाला असेल! उरलेलं पाणी खिचडीत घातलं, झाकण लावलं, कॅम्पिंगचा छोटा गॅस पेटवला.

शिट्टी होईना. झाकणाच्या चहूबाजूंनी वाफ सुटत होती. तेव्हा आठवलं, कुकरची रबरी रिंग स्टॅनमोरला ओट्यावर वाळत होती.

त्याच वेळी कुत्रा घेऊन एक गृहस्थ आले. गवत असं वाळलेलं असताना इथे आग पेटवता, तुम्हाला अक्कल आहे का, असं त्यांनी त्यांच्या भाषेत, बऱ्याच वेळा विचारलं. या आवाजाने ती जागी झाली. तिने माझ्याकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं, मग आडव्या पडलेल्या बाटल्यांकडे.

"पाणी कुठाय?"

"तांदूळ धुतले."

"किती वेळा?"

मी बोटं दाखवली.

"पाकिटावर लिहिलेलं असतं रे, धुतलेले आहेत म्हणून!"

त्या गृहस्थांनी बाटली काढली, वाटीत पाणी ओतलं आणि कुत्र्यापुढे ठेवलं. आम्ही दोघं बघत राहिलो. कुत्रा अर्धं सांडत, सावकाश प्यायला. "त्याच्यापुरतंच आहे," असं म्हणून ते गेले.

पाच मैल. तिच्या फोडांतून पाणी येत होतं, तेवढंच काय ते पाणी. ती एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर मला आशा होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पट्ट्या बांधल्या, दोन्ही बाटल्या भरून घेतल्या आणि मला बस स्टॉपवर उभं केलं. त्यातली एक माझी होती, तीही तिनेच ठेवली. "तुला बसमध्ये काय लागणार?"

"अगं, एक चान्स..."

"जाते मी."

"येते म्हणावं," मी म्हणालो. आपल्यात निघताना कोणी जाते म्हणत नाही.

"जाते," ती म्हणाली, आणि गेली.

टॉवेलात गुंडाळलेला कुकर छातीशी धरून सावळा माणूस बसमध्ये शिरला, की लोक कसे बघतात, ते त्या दिवशी कळलं. मी घाईघाईने झाकण उघडून आतली करपलेली खिचडी सगळ्यांना दाखवली. त्याने फारसा फरक पडला नाही. वळणावर खिडकीतून कड्यावर तिची निळी टोपी दिसली. पट्ट्या बांधलेल्या टाचांनी ती तीन दिवसांत पहिल्यांदाच भराभर चालत होती. हात हलवत.

संध्याकाळी घरी पोचलो. रिंग ओट्यावरच होती. फोन वाजला. तिचा मेसेज: "पोचलास?"

"हो. तू कशी आहेस?"

मी कुकर घासायला घेतला. मग एकच शब्द आला: "मस्त."

मी रिंग झाकणाला बसवली आणि तांदूळ घेतले. पाच पाण्यांनी धुतले. अडवायला कोणी नव्हतं.