भूमितीबाईंची धावण्याची वही

भूमितीबाईंना चालायचा मनस्वी कंटाळा होता. आमच्या विक्रोळीच्या शाळेत स्टाफरूम एका टोकाला आणि दहावीचे वर्ग दुसऱ्या टोकाला. बाकी सगळे शिक्षक व्हरांड्यातून वळसा घालून जायचे, बाई मात्र थेट मैदान कापत निघायच्या. मध्ये मुलींचा खो-खो चालू असला तरी! धावणारी पोरगी थबकायची, खेळाचे कोयंडे सर शिट्टी फुंकायचे, आणि बाई हातातला मोठा लाकडी कोनमापक हलवत म्हणायच्या, "सर, दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर कुठलं? सरळ रेषा. मी माझ्या रेषेवर आहे, तुमचा खेळ मध्ये आलाय."

वर्गातही तेच. फळ्यावर आकृती काढायला पोरांना उभं करायचं आणि खुर्चीतून हुकूम सोडायचे. "क बिंदू जरा डावीकडे घे गं. अजून. आता त्याला श्वास घेता येतोय बघ." नाव पोरांनी ठेवलेलं, पण आम्ही शिक्षकही आपसांत त्यांना भूमितीबाईच म्हणायचो. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझा नववीचा वर्ग हाताबाहेर गेला की बाई नुसत्या दारात येऊन उभ्या राहायच्या, आणि वर्ग चिडीचूप. त्यावर नंतर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. डब्यातली कोथिंबीर वडी माझ्यासाठी वेगळी काढून ठेवायच्या. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे मी केलं ते अशा बाईंच्या बाबतीत केलं.

त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी बाईंनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "उद्यापासून मी धावणार."

बाई तेव्हा बावन्न वर्षांच्या. वजनाचं बोलायला नको. स्टाफरूम हसली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. "बाई, बस पकडायला का?" असंही विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे, आणि मला त्याचा तेव्हा अभिमान होता.

कारण त्यांनी सांगितलं नाही. साखरेचं पुढे सगळ्यांना कळलं, पण त्यामागची गोष्ट मला फार उशिरा कळली. तुम्हाला ती आत्ताच सांगतो. बाईंच्या आईला मधुमेह होता. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली आणि पाय गुडघ्याखालून कापावा लागला. पुढची सहा वर्षं बाईंनी आईचं सगळं केलं. आता बाईंची स्वतःची साखर वाढली होती. घाटकोपरच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. साखर खाली आली तर ठीक, नाहीतर इन्सुलिन. बाईंना सुईची भीती नव्हती, पायाची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला बाई मैदानात हजर. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात नवेकोरे पांढरे बूट. कोयंडे सर मालवणकडचे, बोलण्याच्या बाबतीत फार कंजूष माणूस. त्यांनी बाईंना एकदा आपादमस्तक बघितलं आणि म्हणाले, "कुंपणाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावा. तिसऱ्यापर्यंत चाला. परत तेच." आणि पोरींच्या सरावाकडे वळले.

पहिल्या दिवशी बाई चार खांबांत बसल्या. तरी स्टाफरूममध्ये येऊन ऐटीत म्हणाल्या, "मैदानाची एक फेरी एकशे ऐंशी मीटर आहे. मी टेप लावून मोजली. धावले त्यातले वीसच मीटर, पण फेरी मोजली पूर्ण."

मग निघाली ती वही. दोनशे पानी, खाकी कव्हर, वर लेबल. नाव, आणि विषयाच्या जागी 'धावणे'. आत पट्टीने आखलेले रकाने: दिनांक, फेऱ्या, वेळ, साखर, शेरा. शेऱ्याचा रकाना बाई स्वतः भरायच्या नाहीत. "स्वतःच्या वहीत स्वतः शेरा मारायचा नसतो. पोरांना आपण काय शिकवतो मग?" म्हणून ती वही रोज पहिल्या तासाआधी कोयंडे सरांच्या टेबलावर जायची, आणि सर लाल पेनाने एखादा शब्द लिहायचे. 'ठीक.' 'खांदे सैल सोडा.' 'पाणी कमी प्यालात.' एकदा सरांनी 'छान' लिहिलं. ती वही बाईंनी प्रत्येकाच्या नाकासमोर नेऊन दाखवली, शिपायाला दाखवली, आणि मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "अरे सावंत, तीस वर्षं दुसऱ्यांना छान देतेय. मला शेवटचं कुणी दिलं होतं आठवत नाही रे."

हळूहळू बाई बदलल्या. डब्यातून वड्या गेल्या, मोड आलेले मूग आले. फरसाणाची पिशवी फिरायची तेव्हा बाई खिडकीतून बाहेर बघायच्या. दुसऱ्या मजल्यावरचे तास त्यांनी मागून घेतले. वर्गात उभ्या राहून आकृत्या काढू लागल्या, तर पोरांनाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मैदान कापून जाणं मात्र थांबलं. मी विचारलं, "बाई, सरळ रेषेचं काय झालं?" तर म्हणाल्या, "आता मला अंतर जास्तच हवंय." घरी मिस्टर पहाटे उठून चहा करून देतात, बाई निघाल्या की परत झोपतात, असं कौतुकाने सांगायच्या. डॉक्टरांची मुदत संपली तेव्हा साखर खाली आली होती. पूर्ण नाही, पण इन्सुलिन टळलं. "असंच चालू ठेवा, एक दिवस चुकवू नका," असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी स्टाफरूममध्ये पेरू वाटले. पेढे कसे वाटणार!

त्यानंतरच्या आठवड्यात बाई न थांबता दहा फेऱ्या धावल्या. मी व्हरांड्यातून पाहिलं. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, धावणं काही फार देखणं नव्हतं, पण पाय थांबले नाहीत. वहीत 'फेऱ्या' खाली दहाचा आकडा मोठा काढून त्यांनी वही कोयंडे सरांच्या टेबलावर ठेवली. सर नेमके पोरींना घेऊन आंतरशालेय सामन्यांना निघण्याच्या गडबडीत होते. थोडा वेळ स्टाफरूममध्ये आले आणि वहीला हात न लावताच पुन्हा गेले.

मला ऑफ तास होता. समोर घटक चाचणीच्या वह्यांचा ढीग, हातात लाल पेन. प्रत्येक वहीवर तोच शेरा लिहून बोटं दुखत होती: 'सुधारणेस वाव आहे.' 'सुधारणेस वाव आहे.' आम्ही शिक्षक हे वाक्य झोपेतही लिहू शकतो. बाजूला दोघंतिघं गप्पा मारत होते. कुणीतरी म्हणालं, "सावंत, जरा भूमितीबाईंची वही दाखव की, दहा फेऱ्या म्हणे!" मी हात लांब केला, वही घेतली, आणि दहाच्या आकड्यापुढे, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सुधारणेस वाव नाही.'

हशा पिकला. मीही हसलो आणि वही होती तिथे ठेवली. बस्स, इतकंच. अर्ध्या मिनिटाचं काम.

नंतर मी मनाला किती वेळा समजावलं असेल. अहो, याचा अर्थ दोन्हीकडून निघतो! सुधारायला काही उरलंच नाही, इतकं उत्तम, असाही निघतो की! पण मी तो अर्थ मनात धरून लिहिलं नव्हतं. मला त्या लठ्ठ बाईचं ते धापा टाकत धावणं हास्यास्पद वाटत होतं, आणि मला हशा हवा होता. खरं ते हेच आहे.

बाईंनी वही उघडली तेव्हा मी खोलीत होतो. आता ओरडतील, "कुणाचा हा आगाऊपणा?" म्हणून मी तयारीत होतो. कबूल करणार होतो, कान पकडणार होतो. बाई ओरडल्या नाहीत. वाचलं, वही मिटली, पर्समध्ये घातली आणि तासाला गेल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्हा सगळ्यांचं बी.एड.ला गिरवून गिरवून एकाच वळणाचं झालेलं अक्षर. त्यात लाल पेन. आणि तो रकाना कोयंडे सरांचा. बाईंना शंका यायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई मैदानात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. कोयंडे सर मात्र आठवडाभर सव्वासहाला कुंपणाच्या खांबापाशी उभे राहून फाटकाकडे बघत होते. मग तेही थांबले. बाईंनी त्यांना विचारलं नाही, त्यांनी बाईंना विचारलं नाही. दोन्ही मानी माणसं. मी रोज घरून ठरवून निघायचो, आज सांगायचं. स्टाफरूमच्या दारात पोचलो की वाटायचं, आज बाईंचा मूड नाही, उद्या सांगू. ज्यांच्यासमोर लिहिलं ते दोघंतिघं केव्हाच विसरून गेले होते. त्यांच्या लेखी तो एक विनोद होता.

एका दुपारी आम्ही दोघंच होतो. बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सावंत, तोंडावर म्हणाले असते ना, की बाई तुम्हाला जमणार नाही, तर मी भांडले असते. लाल पेनाने लिहिलं रे. त्याच्याशी कसं भांडणार?" मग माझ्याकडे बघितलं. "सर असे आहेत, वाटलं होतं का तुला?"

तेव्हा सांगायला काय लागत होतं? तीन शब्द. 'मी लिहिलं, बाई.' मी म्हणालो, "जाऊ द्या हो बाई. सर तसेच आहेत."

हे लिहितानाही माझे कान तापतात. शेरा मूर्खपणा होता. हे मात्र मी पूर्ण शुद्धीत, समोर बसून, विचार करून बोललो. स्वतःला वाचवायला एका भल्या माणसाला पुढे केलं.

एप्रिलअखेर कोयंडे सर निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळे बोलले. बाई एरवी अशा वेळी उत्तम बोलायच्या, त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसून राहिल्या आणि नारळ-शाल देण्याआधीच उठून गेल्या. सर फाटकापाशी माझ्यासाठी थांबले. आम्ही दोघं असलो की मालवणीतच बोलायचो. म्हणाले, "सावंता, बाईंक माझो राग इलो काय रे? माझा काय चुकला?"

"तसा काय नाय हो सर," मी म्हणालो. "घराकडे कायतरी अडचण आसतली."

सरांनी मान हलवली. रिक्षात बसले आणि दुसऱ्या दिवशी गावी गेले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाई वर्गात पुन्हा खुर्चीत बसून, पुन्हा पोरांकडून आकृत्या काढून घेत होत्या. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये, डबा खाण्याआधी त्यांनी पर्समधून छोटं पेन काढलं, साडीचा पदर बाजूला करून पोटाला टोचलं. इन्सुलिन. मी बघत होतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्या हसल्या. "डॉक्टर म्हणाले पुन्हा सुरू करा. मी म्हटलं, माझ्या वहीत आता वाव नाही." आणि मग, अगदी सहज, डबा उघडता उघडता, त्यांनी मला आईच्या पायाचं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मी तिचा दुसरा पाय रोज तेल लावून बघायचे. आता स्वतःचे बघते."

मी हातातला घास डब्यात ठेवला. मी म्हणालो, "बाई, तो शेरा सरांचा नव्हता. मी लिहिला."

त्यांनी माझ्यापुढची तपासलेली वही ओढून घेतली, माझा लाल 'वाव' बघितला. पर्समधून खाकी कव्हरची वही काढली. हो, ती अजून पर्समध्येच होती. दोन्ही शेजारी ठेवून अक्षर पडताळत राहिल्या. मी कितीतरी बोललो. चूक झाली, गंमत म्हणून, मला काय माहीत, पाया पडतो. त्यातलं एक वाक्यही त्यांनी ऐकलं नसावं.

"शेऱ्याचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पोरकटपणा केलास. पण मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, सर तसेच आहेत. तुझ्या त्या शब्दावर मी त्या माणसाला निरोपाचे दोन शब्द बोलले नाही." आवाज चढलेला नव्हता. "फोन लाव त्यांना. आत्ता. तू सांग."

मी लावला. स्पीकरवर. मालवणीत सगळं सांगितलं, शेरा, स्टाफरूममधलं बोलणं, फाटकापाशी खोटं बोललो तेही. पलीकडे लांबून कोंबडा आरवल्याचा आवाज आला. मला वाटलं, शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. सरांनी एवढंच विचारलं, "बाई धावतत काय अजून?"

मी बाईंकडे बघितलं. बाई टेबलाकडे बघत होत्या.

"नाय, सर," मी म्हणालो.

"त्यांका फोन दी."

बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि व्हरांड्यात गेल्या. पंधरा मिनिटांनी परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. फोन माझ्यासमोर ठेवला, वही पर्समध्ये घातली आणि तासाला गेल्या.

बाई पुन्हा सुरू झाल्या आहेत. मैदानात चिखल होता तोवर तळमजल्याच्या व्हरांड्यात, आणि गणपतीनंतर मैदानात. पाच महिने गेल्यामुळे पुन्हा चार खांबांपासून सुरुवात करावी लागली. रोज सकाळी धावून झालं की वहीच्या पानाचा फोटो काढून गावी पाठवतात, तिकडून सर काय लिहितात ते मला माहीत नाही. इन्सुलिन सुटलेलं नाही, मात्रा थोडी कमी झाली आहे. हे मला बाईंनी सांगितलेलं नाही. दुसऱ्या कुणाला सांगत होत्या, मी ऐकलं.

माझ्याशी त्या नीट बोलतात. माझ्या जागी प्रॉक्सी तास घ्यायला नाही म्हणत नाहीत. भांडल्या असत्या, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर माझी वाट लावली असती तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं. परवा मी हिंमत करून विचारलं, "बाई, सकाळी मीही येऊ का मैदानात? तुमच्याबरोबर?"

बाईंनी मस्टरवर सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "मैदान शाळेचं आहे, सावंत सर. तुम्ही कधीही येऊ शकता."

अठरा वर्षांत बाईंनी मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. मी अजून मैदानात गेलेलो नाही.