‘आई घरीच असते’ म्हनं

धोंडाबाईला राग आला का ती आरडत नसे, गप बसायची. आन त्या दिवशी दवाखान्यात ती लय वेळ गप बसली व्हती.

साठी उलटून आठ वर्षं झाली, तरी बाई दिंडोरीकडच्या बागांमधी थिनिंगला जायची. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर करून बारक्या कात्रीनं घडातले मनी काढायचे. संध्याकाळी खांदे असे भरून यायचे, का केसाची गाठ बांधवत नसे. मग टोळीचा मुकादम कुंदन चहासंगं एकेकीच्या हातावर दुखन्याची गोळी ठेवायचा. दुखनं थांबायचं, सकाळी बाया परत मांडवाखाली. मजुरी तरुनपनापासूनची, पन असं गोळ्यांवर बारा वर्षं चाललं.

यंदा चालताना तिच्या छातीत आवळायला लागलं. काळजाचा ठोका आधीच येडावाकडा, कधी पळायचा, कधी थबकायचा. त्याच्यासाठी रक्त पातळ करायची गोळी चालूच व्हती. आता तपासनीत निघालं, काळजाची एक नळी दाटलीय, स्टेंट टाकावा लागंल. तिचा थोरला शेखर शहरात इंदिरानगरला फ्लॅट घेऊन येगळा ऱ्हातो, त्यानंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीनबाई नीट समजावून सांगत व्हती. स्टेंट बुजू नाय म्हनून आनखी दोन गोळ्या लागत्यात, म्हंजे झाल्या तीन. गोळ्या कमी पडल्या तर रक्ताची गाठ डोक्यात जाऊन लकवा मारायचा, जास्त झाल्या तर आतल्या आत रक्त वाहायचं. म्हनून आधी दोन्हीकडचा धोका मोजायचा, एकेका गोष्टीला एकेक मार्क. तिनं कागद पुढं वढला आन इचारायला लागली.

इचारत व्हती धोंडाबाईला, सांगत व्हता शेखर.

आई काय काम करतात? तर म्हने, "आई घरीच असते. देवपूजा, नातवंडं." अंगदुखीच्या गोळ्या घेतात का? नाही. कुठं पडल्या, रक्त गेलं? नाही. सोसायटीतबी त्यानं हेच सांगून ठेवलेलं. फ्लॅटवाल्याची आई मजुरीला जाती, हे कोन्या तोंडानं सांगनार? धोंडाबाईच्या पिशवीत कुंदनच्या गोळ्यांची अर्धी पट्टी व्हती. ती पट्टी तिनं मुठीत धरली. दवाखान्यात पोरानं बोलायचं, बाईनं बसायचं, अशीच रीत.

मंग डॉक्टरीनबाईनं इचारलं, शौचाला काळं होतं का.

"छे," शेखर म्हनला, "आमच्यात तसलं काही नाही."

आता मातर बाईचं डोकं सनकलं.

"तुझ्यात नसंल," ती म्हनली. "माझ्या पोटातलं तुला काय ठावं? माझं पोट काय तुझ्या फ्लॅटवर ऱ्हातंय? दिवाळीपासून डांबरावानी काळं होतंय. इचारलंस कधी?"

शेखर हळूच म्हनला, "आई, इथं नको."

"इथंच. मेल्यावर सांगू का मंग?"

तिनं पट्टी टेबलावर आपटली. संगं दोन्ही हात ठेवले, कात्रीनं बोट न् बोट चिरलेलं. ह्या गोळ्या बारा वर्षं रोज एक, कधी दोन, तिनं डॉक्टरीनबाईला सांगितलं. मंग पोराकडं वळली. "ह्याच हातांवर तू शिकला. लाज वाटती तर वाटू दे. पन माझ्या जिवाचं खोटं नको सांगू."

डॉक्टरीनबाईनं तो कागद फाडला आन दुसरा घेतला. शेखरला खुर्ची मागं सरकवायला लावली.

ह्या बारीला रक्त वाहायच्या धोक्याचे मार्क भराभर वाढले. स्टेंट पुढं ढकलला, आधी पोटात नळी घालून पाह्यलं, तर दुखन्याच्या गोळ्यांनी आत ही मोठी जखम केलेली; काळं व्हायचं ते तिचंच रक्त. तिन्ही गोळ्या तशाच चालू केल्या असत्या तर बाई काय घरी परत येत नव्हती. जखम भरल्यावर स्टेंट टाकला. तिन्ही गोळ्या थोडेच दिवस, मंग दोनच, आन पोटासाठी एक. दुखन्याची गोळी कायमची बंद. एवढं सगळं झालं, पन शेखरसंगं तिनं महिनाभर कामापुरतंच बोलनं ठेवलं.

कुंदन भेटायला आला, पिशवीभर द्राक्षं घेऊन. हसत म्हनला, "मावशी, टोळी वाट बघती तुमची. कधी येता?"

धोंडाबाईनं द्राक्षाला हात लावला नाय. तीच अर्धी पट्टी त्याच्या हातात ठेवली.

"आधी हे कोनाकोनाला चारलंस ते सांग. एकेकीचं नाव घे."

कुंदन खाली बघत बोटं मोजायला लागला. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी नावं संपत नव्हती.