घरच्यांसोबत जेवणारे निवेदक

आमच्या शेजारच्या निवेदकांइतका प्रसिद्ध माणूस उदगीरने पाहिलेला नाही, असं खुद्द त्यांचंच मत होतं, आणि दुष्काळाच्या त्या वर्षी ते खोडून काढायची कुणाची टाप नव्हती. कोणत्या गल्लीत टँकर येणार हे गावच्या केबलवर तेच सांगत. आठ वाजले की रिकाम्या घागरी बाजूला सारून सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. कॅमेऱ्यात कमरेवरचंच दिसतं म्हणून वर कोट-टाय आणि खाली लुंगी, आणि त्याच वेशात ते बातम्या रेकॉर्ड करून भाजी घेत घरी येत. उदगीर जिल्हा होणार ही बातमी त्यांनी इतक्यांदा दिली की शेवटी सरकारची वाट न बघता ‘नियोजित जिल्ह्याच्या ठिकाणाहून नमस्कार’ असं सुरू केलं. त्या शुभदिनासाठी शिवून ठेवलेला निळा कोट पुढे पोटावर बसेना, त्याचाही दोष त्यांनी मंत्रालयालाच दिला.

आत्मचरित्र लिहायचं त्यांच्या मनात होतं. रोज सकाळी कुंपणाशी उभे राहून ते मला पहिलं प्रकरण ऐकवत. त्यात जन्मतःच सुईणीने त्यांचा आवाज ओळखला होता. दुसरं प्रकरण लग्नाचं. ते कधी येत नसे. बायको फार वर्षांपूर्वी नांदेडला माहेरी गेली ती परतली नाही, हे आमच्या गल्लीला ठाऊक होतं, गावाला नव्हतं. बातम्यांच्या शेवटी ते हसून म्हणत, “चला, आता मीही घरच्यांसोबत जेवायला बसतो.” आम्ही गल्लीतले कुणी कधी बाहेर बोललो नाही.

मग लातूरच्या एका पेपरने विचारलं, कोरड्या गावात या माणसाचा शर्ट रोज धुतलेला कसा? दोरीवरच्या कपड्यांचा फोटोही छापला. टँकरवाल्यांशी साटंलोटं असणार, अशी कुजबुज झाली आणि केबलवाले त्यांना काढायची भाषा करू लागले. एके दिवशी त्या पेपरचा बातमीदारच आला आणि मला सोबत घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. आठ वाजून गेले होते. निवेदक टीव्हीपुढे ताट घेऊन बसले होते, आणि टीव्हीतले निवेदक त्यांना सांगत होते की आता मीही घरच्यांसोबत जेवायला बसतो.

बातमीदाराने पाणी कुठून येतं ते विचारलं. त्यांनी उठून भरलेले हंडे दाखवले. “नळाचंच हाय, आठवड्यातनं एकदा येतंय ते. एकट्या माणसाला किती लागतंय?”

बातमीदार प्रामाणिक निघाला. ‘निवेदक निर्दोष, घरी एकटेच राहतात’ असं त्याने ठळक छापलं. सकाळी मी अभिनंदन करायला कुंपणाशी गेलो, तर त्यांच्या हातात पेपर होता आणि आवाज पार बसलेला.

“पाणीचोर म्हणून छापलं असतं तरी चाललं असतं हो. एकटा हाय म्हून कशाला छापलं?”

त्या दिवशी बातम्यांच्या शेवटी ते नुसतं “नमस्कार” म्हणाले. इकडे माझ्या बायकोने मी न सांगताच माझं ताट झाकून हातात दिलं.

मी गेलो तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला होता. आम्ही समोरासमोर जेवायला बसलो, आणि त्यांनी आपण होऊन मला दुसरं प्रकरण सांगितलं. पहिल्याला रोज तासभर लागे. हे माझी भाकरी संपायच्या आतच संपलं.